मुरबाड-शहापूरकडची लहान शेती आणि बारा महिन्यांचे हवामान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कल्याण, डोंबिवली किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या अनेक कुटुंबांची मुरबाड, शहापूर, अंबरनाथ, भिवंडी या तालुक्यांत वडिलोपार्जित अथवा अलीकडे घेतलेली थोडीफार शेतजमीन असते. अशा मंडळींकडून आणि शेतावर पाहुणे म्हणून येणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उत्तरे प्रामुख्याने वीस गुंठ्यांपासून दोन-तीन एकरांपर्यंतच्या भातशेतीला लागू पडतात. मोठ्या बागायतीचे गणित वेगळे असते आणि ते येथे मांडलेले नाही.

ठाण्यात किंवा वाशीत पाऊस पडत असेल, तर शेतावरही पडत असेल असे समजावे का?

समजू नये. खाडीकाठचे ठाणे शहर आणि माळशेज घाटाच्या पायथ्याची गावे एकाच जिल्ह्यात असली, तरी त्यांचा पाऊस एक नव्हे. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि पाऊस देतात. त्यामुळे घाटाकडे सरकावे तसा पाऊस वाढत जातो. जिल्ह्याची वार्षिक सरासरी सुमारे अडीच हजार मिलिमीटर धरली जाते, परंतु तो आकडा कोणत्याही एका शेताचा नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी त्याच मुंबईतील कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटरची नोंद झाली होती. एका शहराच्या दोन टोकांत जर एवढे अंतर पडू शकते, तर पन्नास-साठ किलोमीटरवरच्या शेताबद्दल घराच्या खिडकीतून अंदाज बांधण्यात काही अर्थ नाही.

शेजारच्या शेतकऱ्याला दूरध्वनी करणे हा आजही सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे. त्याखालोखाल महसूल मंडळनिहाय स्वयंचलित केंद्रांच्या ‘महावेध’ नोंदी आणि हवामान विभागाचे ‘मेघदूत’ हे ॲप उपयोगी पडते.

पाऊस नेमका कधी सुरू होतो आणि पेरणी केव्हा करावी?

मान्सून मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि ठाणे जिल्ह्यालाही साधारण तीच लागू पडते. जुनी माणसे ७ किंवा ८ जूनला लागणाऱ्या मृग नक्षत्रावर हिशेब ठेवत आली आहेत आणि हे दोन्ही हिशेब एकमेकांच्या जवळच आहेत. मात्र तारीख ही सरासरी असते. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि ज्यांनी रोहिणीत कोरड्या जमिनीवर धूळपेरणी करायची ठरविली होती, त्यांना जमीन कोरडी मिळालीच नाही. उलट काही वर्षी मृग कोरडा जातो आणि आर्द्रा लागल्यावरच, म्हणजे २१-२२ जूननंतर, खरा पाऊस येतो.

मेअखेरीस संध्याकाळी गडगडाटासह येणारा वळीव आणि दिवसभर मळभ ठेवून पश्चिमेकडून येणारा मान्सून यांत फरक करता आला पाहिजे. वळवाच्या एका सरीने जमिनीची वरची दोन बोटे भिजतात. त्या ओलीवर बियाणे टाकले आणि पुढे आठ-दहा दिवस ऊन पडले, तर उगवलेले कोंब करपतात. जमीन वीतभर खोल भिजली आहे आणि पाऊस टिकण्याचा अंदाज आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्यावरच पेरणी करावी. बियाणे पेरण्यापूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि तळाचे दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. या कामाला अर्धा दिवस लागतो आणि खर्च जवळजवळ शून्य असतो, तरीही ते सर्रास टाळले जाते.

उन्हाळ्यात शेतात धूर का दिसतो? राब भाजणे चालू ठेवावे का?

शेण, पालापाचोळा, वाळके गवत आणि वर मातीचा पातळ थर रचून रोपांसाठी राखलेली जागा भाजण्याच्या पद्धतीला आपल्याकडे राब म्हणतात. भाजल्यामुळे तणांचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि माती भुसभुशीत झाल्याने रोपे सहज उपटता येतात. हे फायदे खरे आहेत. पण त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी छाटाव्या लागतात, जमिनीतील सेंद्रिय पदार्थ जळून जातात आणि आग वाऱ्याने शेजारच्या गवताला लागण्याचा धोका राहतो.

आमचे मत राब बंद करावा असे आहे, परंतु त्याच्या जागी काहीतरी केले पाहिजे, नुसता राब सोडून देता येत नाही. गादीवाफे करून त्यांत भाताच्या तुसाची काळी राख मिसळल्यास रोपे कणखर होतात. हा चारसूत्री पद्धतीचाच एक भाग असून भात लागवडीच्या या पद्धतीची इतर सूत्रे गिरीपुष्प या झाडाचा हिरवा पाला चिखलात गाडणे, ठरावीक अंतरावर लावणी करणे आणि खताच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) खोचणे अशी आहेत. एका एकराच्या लावणीला साधारण चार गुंठ्यांची रोपवाटिका पुरते.

लावणीला उशीर झाला तर काय बिघडते?

बरेच बिघडते. हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या वाणाची रोपे एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली की ती मुख्य खाचरात जायला हवीत. पाऊस लांबला, चिखळणीला (खाचरात चिखल करायला) पाणी साचले नाही किंवा माणसे मिळाली नाहीत म्हणून रोपे महिना-सव्वा महिना वाफ्यातच राहिली, तर त्यांना पुढे फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटते. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सर्व गावाची आवणी एकाच वेळी निघते आणि मजुरांची खरी टंचाई तेव्हाच भासते. म्हणूनच अनेक गावांत आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे अशी परतफेडीची कामे अजून चालतात. शहरातून येणाऱ्या जमीनमालकाला ही परतफेड करता येत नसल्याने त्याची लावणी बहुधा सर्वांत शेवटी होते, हे त्याने आधीच गृहीत धरावे आणि रोपवाटिकेची पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत करावी. तसे केल्यास पहिली रोपे वय उलटून निबर झाली, तरी दुसरी हाताशी राहतात.

लावणी नको असेल, तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजविलेले सगुणा भात तंत्र पाहावे. त्यात कायमच्या गादीवाफ्यांवर नांगरणी, चिखळणी आणि लावणी न करता भात टोकतात. मजुरी वाचते हे निश्चित, परंतु पहिल्या दोन हंगामांत तणांवर बारीक लक्ष ठेवावे लागते.

पिवळा, नारंगी आणि लाल इशारा आला की शेतावर काय करायचे?

या तीन रंगांचा अर्थ ढोबळपणे पावसाच्या पुढील तीन पायऱ्यांशी अनुक्रमे जोडलेला आहे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार, ११५.६ ते २०४.४ पर्यंत अतिजोरदार आणि त्यापुढे अतिवृष्टीसदृश असे ढोबळपणे म्हणता येईल. भाताला पिवळ्या इशाऱ्याने सहसा काही होत नाही. नारंगी इशारा आल्यास बांधांची तोंडे आणि खेकड्यांनी पाडलेली भोके तपासावीत, कारण फुटलेला बांध खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात माती घेऊन जातो आणि त्यावरून होणारे भांडण पावसापेक्षा जास्त टिकते. युरिया किंवा फवारणीचे काम त्या दिवशी करू नये. लाल इशारा असेल, तर उल्हास, काळू किंवा भातसा नदीच्या काठचा मोटारपंप आदल्या दिवशीच वर आणून ठेवावा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. अशा पाण्यात उतरून यंत्र वाचविण्याचा विचारही करू नये.

ढगफुटी हा शब्द आता प्रत्येक मोठ्या सरीला वापरला जातो. छोट्या क्षेत्रावर तासाभरात शंभर मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच त्याला ढगफुटी म्हणतात.

नक्षत्रे, वाहने आणि जुन्या म्हणींवर विश्वास ठेवावा का?

नक्षत्रांचा उपयोग दिनदर्शिका म्हणून उत्तम होतो. सूर्याच्या स्थितीवर आधारित असल्याने ती दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतात आणि गावात बोलताना ‘पुनर्वसूत लावणी उरकली’ असे म्हटले की काळ अचूक कळतो. पंचांगात नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस, यावरून पावसाचे प्रमाण ठरविणे मात्र मनोरंजनापुरते ठेवावे.

म्हणी कोठे जन्मल्या हेही पाहावे लागते. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण रब्बी ज्वारी-गव्हाच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने योग्य आहे. आपल्याकडे २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती लागते, तेव्हा गरवा, म्हणजे उशिरा तयार होणारा भात पिवळा पडून उभा असतो किंवा कापून खाचरात पसरलेला असतो आणि त्या वेळचा पाऊस नुकसानच करतो. तरीही ज्यांनी हळवा भात आधीच घरात आणून वाल पेरले आहेत, त्यांच्यासाठी तोच पाऊस मोलाचा ठरतो, म्हणजे एकाच बांधाच्या दोन बाजूंना म्हण खरीही ठरू शकते आणि खोटीही.

मग कापणी कधी करावी? ऑक्टोबरमधल्या पावसाचे काय?

मान्सून मुंबईतून परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्याच्या आगेमागे दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारनंतर गडगडाटी सर, असे दिवस येतात. शंभर ते एकशे पंधरा दिवसांत तयार होणारा हळवा भात नेमका याच सापळ्यात सापडतो, तर निमगरवा आणि गरवा बहुधा त्यातून सुटतो. मात्र परतीचा पाऊस लांबला, तर गरव्याचीही सुटका नसते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ आले, तेव्हा कोकणभर कापलेला भात पाण्यात तरंगला आणि लोंब्यांना मोड आले.

म्हणून सर्व जमिनीत एकच वाण लावू नये. उंचावरच्या, पाणी लवकर ओसरणाऱ्या खाचरात हळवा आणि खोलगट, ओल धरणाऱ्या खाचरात गरवा ही जुनी विभागणी आजही चुकीची ठरलेली नाही. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने प्रसारित केलेल्या वाणांत दोन्ही प्रकारचे पर्याय आहेत. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस खाचरातले पाणी काढून टाकावे. कापलेले भात दोन-तीन दिवस वाळवण्याचा रिवाज आहे, पण आकाशात दुपारी ढगांचे मनोरे चढू लागले, तर ते अर्धवट वाळलेले असले तरी गोळा करून उडवी रचावी आणि ताडपत्रीने झाकावे. नुकसान झालेच, तर भात हलविण्याआधी छायाचित्रे घ्यावीत, तलाठी व कृषी सहायकांना लगेच कळवावे आणि ई-पीक पाहणीत (सरकारी ॲपवर) पिकाची नोंद मुदतीत झालेली असावी, कारण नोंद नसलेल्या पिकाचा पंचनामा अडतो.

इतका पाऊस पडतो, तरी मार्च-एप्रिलमध्ये टँकर कशाला लागतात?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि खरे तर येथील शेतीचा सगळा प्रश्न हाच आहे.

एका गुंठ्याचे क्षेत्रफळ सुमारे १०१ चौरस मीटर असते आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. अडीच हजार मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर अडीच लाख लिटर आणि एका एकरावर सुमारे एक कोटी लिटर पाणी पडते. हे पाणी बाराही महिने सारखे विभागून पडले असते, तर दोन पिके सहज झाली असती. प्रत्यक्षात ते जवळजवळ सगळे चार महिन्यांत पडते, जमीन उताराची असते आणि मातीचा थर पातळ असून खाली मुरूम व काळा कातळ असतो. बेसॉल्टच्या या कातळात पाणी भेगांपुरतेच मुरते. उरलेले ओढ्याने काळू, शाई, भातसा नद्यांना मिळते आणि खाडीत जाते किंवा धरणात अडते. शहापूर तालुक्यातील भातसा आणि तानसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात आणि बारवीचे पाणी औद्योगिक क्षेत्रांना व महापालिकांना जाते. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पाड्यांत मात्र उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. शहरात नळ सोडणाऱ्या प्रत्येकाने हे निदान एकदा मे महिन्यात प्रत्यक्ष पाहावे, असे आम्हाला वाटते.

लहान शेतकऱ्याच्या हातात तीन-चार गोष्टी आहेत. ओढ्याचा प्रवाह मंदावल्यावर, म्हणजे बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून वनराई बंधारा घालता येतो. त्यामागे साठलेले पाणी आसपासच्या विहिरींना काही आठवडे अधिक आधार देते. हा बंधारा लवकर घातला तर परतीच्या पावसात वाहून जातो आणि दिवाळीनंतर घातला तर अडवायला पाणी उरत नाही, त्यामुळे योग्य आठवडा साधणे महत्त्वाचे असते. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर उताराला आडवे चर खणल्यास पाणी मुरते आणि मातीही राहते. शेततळे घेताना तळाला कातळात भेगा असतील, तर अस्तराशिवाय ते नाताळपर्यंत कोरडे पडते. कूपनलिका हा अनेकांना पहिला उपाय वाटतो, परंतु कातळात पाण्याची भेग लागेलच याची शाश्वती नसते आणि लागली तरी ती शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी ओढू शकते.

भात निघाल्यावर जमीन रिकामी ठेवावी का?

ओल असेपर्यंत ठेवू नये. कापणीनंतर वाफसा येताच, म्हणजे जमिनीची ओल पेरणीजोगी होताच, वाल, हरभरा, मूग किंवा चवळी पेरल्यास ती उरलेल्या ओलीवर आणि हिवाळ्यातील दवावर येतात. कडव्या वालाला तर वेगळे पाणी द्यावेच लागत नाही. कापणी आणि पेरणी यांत आठवडा गेला की वरची माती कडक होऊन तडे जातात, म्हणून घाई येथे योग्यच आहे. मोकाट जनावरांचा प्रश्न मोठा असतो. भात निघाले की गुरे सोडण्याची प्रथा असल्याने एकट्याने वाल पेरण्यापेक्षा लगतच्या चार-सहा जणांनी मिळून पेरावे.

नदी, कालवा किंवा चांगली विहीर असेल, तर भेंडी, काकडी, गवार करता येते. शहापूर-मुरबाडची भेंडी वाशीच्या घाऊक बाजारात जाते आणि परदेशीही निर्यात होते. मोगरा लावणारेही आहेत. मात्र भेंडीची तोडणी एक दिवसाआड करावी लागते, हे लक्षात ठेवूनच तिच्या वाटेला जावे.

थंडीत शेतावर ठाण्यापेक्षा इतका गारठा का जाणवतो?

समुद्रापासूनचे अंतर वाढले की रात्री जमीन लवकर उष्णता सोडते आणि डोंगरउतारावरची जड थंड हवा खोलगट भागात उतरून साचते. डिसेंबर-जानेवारीत बदलापूर, मुरबाडकडचे किमान तापमान ठाण्यापेक्षा सहज चार-पाच अंशांनी कमी असते. वालाला ही थंडी मानवते. आंब्याच्या मोहोराला कोरडी थंडी चांगली, परंतु ढगाळ हवा आणि पहाटेचे दाट धुके लागोपाठ राहिले, तर भुरी हा रोग आणि तुडतुडे ही कीड वाढते. पौष पौर्णिमेला म्हसा येथे भरणाऱ्या यात्रेत बैलांबरोबर घोंगड्याही विकल्या जातात, यावरून या दिवसांतील हवेचा अंदाज यावा.

विजेपासून आणि सापांपासून कोणती काळजी घ्यावी?

विजांचा धोका भर पावसाळ्यापेक्षा मेअखेर-जून आणि ऑक्टोबर या सांध्यांवर अधिक असतो, आणि नेमकी तेव्हाच माणसे उघड्या शेतात असतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर काम सोडून पक्क्या घरात जावे. एकट्या झाडाखाली मुळीच थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची सूचना देते.

साप पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्याने आणि कापणीच्या वेळी उंदरांमागे येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखता आले तर चांगलेच, पण दंश झाल्यावर ओळख पटवीत बसू नये. दंशाच्या वर दोरी आवळू नये, जखम कापू नये, अवयव हलू न देता १०८ वर दूरध्वनी करून प्रतिविष उपलब्ध असलेले सरकारी रुग्णालय गाठावे. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो आणि दुखतही नाही, त्यामुळे जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचावी. पायाला जखम असताना चिखलात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. लावणीनंतर ताप आल्यास डॉक्टरांना शेतात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

पावसाळ्यात कोणत्या रानभाज्या मिळतात?

पहिल्या सरींबरोबर शेवळ येते, त्यानंतर कोरल, टाकळा, कुरडू, भारंगी आणि कंटोळी यांचा क्रम लागतो. शेवळ खाजरी असते, म्हणून ती काकडांबरोबर किंवा दुसऱ्या एखाद्या आंबट पदार्थाबरोबर शिजवतात. भाजी ठाकूर किंवा कातकरी बायकांकडून विकत घ्यावी, कारण ओळख त्यांची पक्की असते. भावासाठी त्यांच्याशी घासाघीस करू नये.

खाडीकाठच्या शेतीलाही हेच सर्व लागू पडते का?

नाही. भिवंडी, दिवा, कळवा आणि एके काळी घणसोलीपासून बेलापूरपर्यंतची आगरी गावे ज्या जमिनी कसत होती, त्या खाऱ्या. तेथे पहिल्या दमदार पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत लावणी करता येत नाही, भरतीचे पाणी अडविणारा बांध आणि त्याची उघाडी (पाणी सोडण्याचे दार) सांभाळावी लागते आणि पाऊस गेल्यावर बाष्पीभवनाने मीठ पुन्हा वर येत असल्याने दुसरे पीक क्वचितच होते. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे पनवेल-२ आणि पनवेल-३ यांसारखे क्षार सहन करणारे वाण अशा जमिनींसाठीच आहेत. नवी मुंबईत ही शेती जवळपास संपली, भिवंडी परिसरात गोदामांच्या मधून ती अजून दिसते.

केवळ शनिवारी-रविवारी येऊन शेती करता येईल का?

भात आणि भाजीपाला करता येणार नाही. पेरणीचा वाफसा, लावणीचे पाणी आणि कापणीची उघडीप सुट्टीचा वार पाहून येत नाहीत. गावातील माणसाला अर्धेलीने जमीन द्यावी किंवा कायमचा गडी ठेवावा, आणि तसे केल्यावर दूरध्वनीवरून कापणीची तारीख ठरवू नये, कारण आकाश त्यालाच दिसत असते.

आंबा, काजू, बांबू, शेवगा यांना आठवड्याची भेट चालते, परंतु पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात रोपांना पाणी देणारे आणि गुरांपासून राखणारे कोणीतरी लागते. वणव्याचा धोका फेब्रुवारीपासून असतो. त्यामुळे जानेवारीतच कुंपणालगतचे गवत कापून सहा-आठ फुटांचा पट्टा साफ करून घ्यावा आणि कापलेले गवत तेथेच न टाकता गुरे असणाऱ्या शेजाऱ्याला द्यावे.